गळा ओळखा, मग पट्टी धरा

विदर्भातल्या बहुतेक गावांत भजन मंडळाची पट्टी, म्हणजे सा कोणत्या उंचीवर धरायचा ते, पेटी ठरवते, गळा नाही. पेटीमास्तरांचा हात काळी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, बसलेला असतो, म्हणून सगळं मंडळ काळी एकमध्ये गातं. ज्याचा गळा तिथे बसतो तो चांगला गायक ठरतो, ज्याचा बसत नाही तो मागे टाळ धरतो. बायकांना त्याच पट्टीत एकतर सप्तकभर वर ओरडावं लागतं, नाहीतर खाली पुटपुटावं लागतं, आणि मग 'बायांना सूर नाही' असा शिक्का बसतो. सूर असतो. पट्टी चुकलेली असते.

आवाजाचा प्रकार ओळखायला सुरात असलेली एक पेटी, मोबाइलवरचं ट्यूनर अ‍ॅप, वही आणि ऐकणारं एक माणूस पुरतं. एका गायकाला साधारण अर्धा तास लागतो. हीच तपासणी वेगवेगळ्या तीन दिवशी करायची आणि तिन्ही नोंदी ताडून पाहायच्या. एका दिवसाच्या नोंदीवर कुणाचाही प्रकार ठरवू नये.

गळा वेगळा कशाने होतो

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. मोठ्या पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, बाईमाणसात १२ ते १७ मिलिमीटर. लांब आणि जाड तंतू सावकाश कंप पावतात, म्हणून आवाज खालचा निघतो. आखूड, पातळ तंतू भराभर हलतात आणि आवाज वरचा होतो. बोलताना पुरुषाचे तंतू सेकंदाला साधारण ८५ ते १८० वेळा हलतात, बाईचे १६५ ते २५५ वेळा. या कंपनांनाच हर्ट्झ म्हणतात आणि पुढे सगळीकडे हाच आकडा वापरला आहे, कारण 'वरचा', 'खालचा' हे शब्द गावागणिक बदलतात, हर्ट्झ बदलत नाही.

तंतूंच्या वरची पोकळी, म्हणजे घसा, तोंड आणि नाक, आवाजाला रंग देते. त्यामुळे एकाच उंचीवर गाणारे दोन गळे कधी सारखे वाटत नाहीत. रियाजाने दम वाढतो, दोन्ही टोकांना काही सूर वाढतात, मधला सांधा (पुढे त्यालाच वळण म्हटलं आहे) झाकता येतो. तंतूंची लांबी मात्र रियाजाने बदलत नाही. खालच्या गळ्याचा माणूस दहा वर्षं वरच्या पट्टीत ओरडला तरी त्याचा वरचा गळा होत नाही. तंतूंवर घट्टे पडतात.

फक्त उंच सुरावरून प्रकार ठरत नाही

स्पर्धेत जो सगळ्यात वरचा सूर लावतो तो 'वरच्या आवाजाचा' असं आपण मानतो. हीच पहिली चूक. बघायच्या गोष्टी चार: आवाजाचा विस्तार, म्हणजे कामाचा सगळ्यात खालचा आणि वरचा सूर; आवाजाचं वळण, म्हणजे छातीचा भरदार आवाज सुटून डोक्याचा पातळ आवाज सुरू होतो ती जागा; आवाजाचा मुक्काम, म्हणजे ज्या पाच-सहा सुरांत गळा तासभर न थकता राहतो तो पट्टा; आणि रंग. चौघांत मुक्काम आणि वळण यांना जास्त किंमत द्या. विस्तार सर्दीने, जागरणाने, रियाजाने कमीजास्त होतो. वळणाची जागा सहसा सुरा-दीड सुराच्या आतच राहते.

आधी पेटी तपासा

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आपल्या पेटीत सुरांच्या दोन किंवा तीन ओळी असतात: खर्ज, नर, मादी. खर्ज-नर पेटीवर एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतराने दोन सूर एकदम वाजतात. गायकाने त्यातला कोणता धरला हे कानाला पटकन कळत नाही. पुरुषाने खर्जाचा सूर धरायचा आणि ऐकणाऱ्याने नराचा लिहायचा, असं झालं की नोंद पूर्ण सप्तकाने चुकते. म्हणून पेटीवर सूर द्या, पण लिहून घ्या ते ट्यूनर अ‍ॅप गायकाच्या तोंडासमोर धरून.

अ‍ॅपमध्ये मूळ माप ४४० हर्ट्झ ठेवा. पडद्यावर इंग्रजी अक्षर आणि शेजारी सप्तकाचा आकडा दिसतो. सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प काळी एक, डी पांढरी दोन, डी शार्प काळी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, एफ शार्प काळी तीन, जी पांढरी पाच, जी शार्प काळी चार, ए पांढरी सहा, ए शार्प काळी पाच, बी पांढरी सात. पुरुष काळी एकमध्ये गातो तेव्हा त्याचा सा सी शार्प ३, म्हणजे १३९ हर्ट्झ. बाई काळी पाचमध्ये गाते तेव्हा तिचा सा ए शार्प ३, म्हणजे २३३ हर्ट्झ. दोघांच्या सामध्ये नऊ अर्धस्वरांचं अंतर आहे (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). बाईचा सा पुरुषाच्या शुद्ध धैवतावर येतो. मंडळातली निम्मी भांडणं या एका अंतरातून निघतात.

जुन्या पेट्या ४४० च्या मापावर असतीलच असं नाही. अर्धा-पाव सूर चढलेली किंवा उतरलेली पेटी असेल तर वहीत तसं लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या गावच्या पेटीवर गेल्यावर गळा बिघडला असं वाटतं.

तपासणी

वेळ सकाळी नऊ ते अकराची किंवा संध्याकाळी सहानंतरची घ्या. झोपेतून उठल्यावर तंतू थोडे सुजलेले असतात आणि आवाज दोन-तीन अर्धस्वर खाली असतो. सोयाबीनच्या थ्रेशरवर किंवा कापसाच्या धुळीत दिवस काढल्यावर, सर्दीत, किंवा रात्रभराच्या जागरणानंतर तपासणी करू नये. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तोंडात असेल तर आधी थुंकून, चूळ भरून, अर्धा तास थांबा. गालात खर्रा असला की जबडा आणि जीभ मोकळी फिरत नाही आणि वरचे सूर दोन-तीनने कमी भरतात. माइक लावू नका. माइकचा घुमारा फाटका सूरही भरलेला दाखवतो.

पाच-सात मिनिटं गळा तापवा: तोंड मिटून 'म्म्म' आणि ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली. मग पुढे चला.

आधी बोलण्याचा सूर घ्या. गायकाला एक ते वीस आकडे सहज मोजायला लावा आणि शेवटचा आकडा लांबवायला सांगा. किंवा कुणाचं म्हणणं पटल्यावर आपण 'हंऽऽ' म्हणतो तसा हुंकार द्यायला सांगा. अ‍ॅपवर जो सूर येईल तो लिहा. गायक सावध होऊन आवाज जाड करत असेल तर त्याच्याशी दोन मिनिटं पिकापाण्याचं बोला आणि मग पुन्हा घ्या.

मग खालचं टोक. त्या सुराच्या थोडं वरून 'प म ग रे सा' हा उतार 'आ' वर गाऊन घ्या. प्रत्येक वेळी अर्धा स्वर खाली सरका. जो सा चार सेकंद स्वच्छ टिकतो, 'आ' ऐकू येतो, तो कामाचा खालचा सूर. त्याच्याखाली घरघर किंवा नुसती हवा येते ती मोजू नका. बरेच लोक ती मोजून आपला खर्ज पाच सुरांनी वाढवून घेतात.

वरचं टोक काढताना 'सा रे ग म प म ग रे सा' अर्धा-अर्धा स्वर चढवत जा. हनुवटी वर उचलली गेली, मानेच्या शिरा फुगल्या, आवाज आपोआप मोठा झाला, की तिथे खूण करा. आता त्याच सुराजवळून परत येऊन प्रत्येक सूर हळू आवाजात, शेजारच्या खोलीत मूल झोपलं आहे इतक्या हळू, लावायला सांगा. जो सर्वांत वरचा सूर हळूही लागतो तोच कामाचा वरचा सूर. जोराने लागणारा आणि हळू न लागणारा सूर ताणाचा असतो, तो वेगळ्या रकान्यात लिहा. दोन्हींत साधारण दोन-तीन अर्धस्वरांचं अंतर निघतं. पाचापेक्षा जास्त निघालं तर तो गायक सवयीने ओरडतो आहे, हे समजून घ्या.

वळण शोधायला 'ऊ' वर खालपासून वरपर्यंत एक लांब मींड घ्यायला सांगा, सुरांच्या पायऱ्या न करता. कुठेतरी आवाज तडकतो, पातळ होतो किंवा क्षणभर अडखळतो. तीन-चार वेळा मींड घ्या. दर वेळी त्याच दोन-तीन सुरांत तडकला तर ते वळण. उंच गळ्याच्या पुरुषाचं वळण २९४ हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन ३९० पर्यंत पूर्ण होतं. मधल्या गळ्याचं २४७ ते ३३०, खर्जाच्या गळ्याचं २२० ते २९४. बायकांत छातीचा आवाज ३३०-३५० च्या आसपास पहिल्यांदा हलतो, आणि दुसरं वळण ५९० ते ७४० च्या मध्ये येतं. आपल्याकडच्या बायका बहुतेक छातीच्या आवाजातच वर वर ताणत नेतात, म्हणून त्यांचं पहिलं वळण ४४० च्या वर एकदम धाडकन तडकतं. तशा गायिकेला 'ऊ' वर हळू गायला लावलं तरच खरी जागा सापडते.

शेवटी मुक्काम. पाठ असलेली एक आरती घ्या. ती पाच पट्ट्यांत, प्रत्येकी एक स्वर सोडून, तीन-तीन कडवी गाऊन घ्या. प्रत्येक पट्टीपुढे लिहा: सुखाची, ओढीची की ताणाची. ऐकणाऱ्याने वेगळं लिहायचं आणि गायकाने वेगळं. दोघांचं जिथे जुळतं ती जागा खरी. गायकाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो त्याला जास्त भरदार वाटतो. एकट्याच्या मतावर जाऊ नये.

रंगासाठी हातभर लांब ठेवलेल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि हेडफोनवर ऐका. मोबाइलच्या भोंग्यातून खालचे सूर गळून जातात आणि प्रत्येक आवाज किनरा वाटतो. दोन पुरुषांना २६२ हर्ट्झचा पांढरी एक लावायला सांगा. उंच गळ्याला तो बोलण्यासारखा सोपा जातो, खर्जाच्या गळ्याला तो डोंगर चढल्यासारखा. सूर एकच, पण गळ्याचा प्रकार तिथेच उघडा पडतो.

रंगाचं वर्गीकरण आपल्याकडे फार जुनं आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये आवाजाचे चार भेद केले: खाहुल हा स्निग्ध, मऊ, गोड, नाराट हा तिन्ही सप्तकांत भरीव आणि गंभीर, बोंबक हा मोठा पण पोकळ, रुक्ष, आणि मिश्रक. गायकाचे पंचवीस दोषही त्याने सांगितले आहेत. त्यातले संदष्ट म्हणजे दात आवळून गाणारा, काकी म्हणजे कावळ्यासारखा कर्कश आणि सानुनासिक म्हणजे नाकातून गाणारा, हे तीन प्रत्येक भजन स्पर्धेत भेटतात. या दोषांना आवाजाचा प्रकार समजू नये. नाकातला आवाज हा गळ्याचा प्रकार नसतो; जीभ आणि पडजीभ सैल करायला शिकलं की तो जातो. आधी दोष काढा, मग रंग ठरवा.

पाश्चात्त्य नावं आणि आपली पट्टी

ऑपेरात आणि चर्चच्या समूहगानात मोठ्या माणसांचे मुख्य सहा प्रकार मानतात. शिकलेल्या गळ्यांचे साधारण विस्तार असे:

सोप्रानो, स्त्रियांचा वरचा: २६२ ते १०४७ हर्ट्झ
मेझो-सोप्रानो, मधला: २२० ते ८८०
काँट्राल्टो, खालचा: १७५ ते ६९८
टेनॉर, पुरुषांचा वरचा: १३१ ते ५२३
बॅरिटोन, मधला: ११० ते ४४०
बास, खर्जाचा: ८२ ते ३३०

बहुतेक पुरुष बॅरिटोन आणि बहुतेक बायका मेझो असतात. म्हणजे गावातल्या दहा गळ्यांपैकी बरेचसे मधले असणार हे धरूनच चाला. प्रत्येकाला वरचा किंवा खर्जाचा ठरवायची घाई नको. हे विस्तार डोक्याच्या आवाजासकट आहेत. आपण छातीचा आवाज जास्त वापरतो, तेव्हा वरचं टोक आपल्याला तेवढं लागत नाही.

आपल्या गाण्यात प्रकाराचं नाव चिकटवून भागत नाही, सा ठरवावा लागतो. ऑपेरात गाणं ठरलेल्या उंचीवर लिहिलेलं असतं, म्हणून तिथे गाण्याला गळा शोधतात. आपल्याकडे गळ्याला गाणं सरकवता येतं. केवढी मोठी सोय आहे ही, आणि आपणच ती वापरत नाही.

सा काढायची रीत सोपी आहे. कामाचा खालचा सूर मंद्र पंचम, म्हणजे साच्या खालचा प, माना आणि त्याच्या वर पाच अर्धस्वर मोजा, तिथे तुमचा सा. एखाद्या पुरुषाचा कामाचा खालचा सूर १०४ हर्ट्झ, म्हणजे काळी चार असेल, तर पाच अर्धस्वर वर काळी एक येते, १३९. एखाद्या बाईचा कामाचा खालचा सूर १७५, म्हणजे पांढरी चार असेल, तर सा काळी पाच, २३३. आता वरचं टोक ताडून पाहा. त्या सापासून तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, आवाज हळूही जायला हवा: पुरुषाच्या उदाहरणात ३४९ हर्ट्झ, बाईच्या उदाहरणात ५८७. तिथे पोचत नसेल तर सा अर्धा-एक स्वर खाली घ्या आणि मंद्र पंचम सोडून द्या. भजनात मंद्र पंचम कमी लागतो, तार गंधार हमखास लागतो.

ढोबळ अंदाज द्यायचा तर उंच गळ्याच्या पुरुषाला पांढरी दोन ते पांढरी तीन, मधल्याला पांढरी एक ते काळी एक, खर्जाच्या गळ्याला काळी पाच ते पांढरी सात. उंच गळ्याच्या बाईला काळी पाच ते वरची पांढरी एक, मधलीला काळी चार ते काळी पाच, खालच्या गळ्याच्या बाईला पांढरी चार ते पांढरी पाच. खालचा गळा बाईला शोभत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला गायिका गंगूबाई हनगल ऐकवा. आणि पट्टी खाली घेतली म्हणून गाणं लहान होत नाही. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांच्या गाण्यात तीन सप्तकांत फिरणाऱ्या तानेची ताकद होती. ती सुरांच्या फिरतीतून आली, पट्टी चढवून नाही.

मंडळात सगळे एकत्र गातात तेव्हा

सामुदायिक प्रार्थनेला पुरुष, बायका, मुलं एका सुरात गातात. पट्टी काळी एक धरली तर बायकांचा सा २७७ वर जातो आणि तार सा ५५४ वर. अंतरा तार गंधारापर्यंत गेला तर ६९८. छातीच्या आवाजात गाणाऱ्या मधल्या गळ्याला हे झेपत नाही; दोन कडव्यांत घसा लाल होतो. त्याऐवजी काळी चार धरा. बायकांचा सा २०८, तार सा ४१५. पुरुष सप्तकभर खाली, सा १०४, तार पंचम ३११. मधल्या गळ्याच्या पुरुषांना हे अगदी आरामात बसतं. उंच गळ्याच्या पुरुषांचा सा थोडा मवाळ लागेल, त्यांनी तिथे जोर करू नये, अंतऱ्यात त्यांची भरपाई होते. मुलं जास्त असतील तर पांढरी सहा किंवा सात बरी, कारण दहा वर्षांच्या आतल्या मुलांचा सोपा पट्टा साधारण २६२ ते ५२३ असतो आणि २२० च्या खाली ती नुसती बोलतात.

'पण मला काळी एकच वाजवता येते', असं पेटीमास्तर म्हणतील. त्यांना हे सांगा: काळी एकच्या पंचमाला सा माना. तीच काळी चार. शुद्ध स्वरांत एकच पट्टी बदलते, काळी तीनऐवजी पांढरी पाच. बाकी सहाही स्वर त्याच पट्ट्यांवर आहेत. आठवडाभर रोज वीस मिनिटं पलटे वाजवले की हात बसतो. मंडळाकडे पैसे असतील तर स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची ओळच सरकते आणि बोटं न बदलता पट्टी बदलते, पण त्यासाठी थांबून राहायची गरज नाही.

तबल्याचं मात्र आधी बघा. काळी एकचा दायां काळी चारला चढत नाही. ठोकून ठोकून चढवला तर पुडी फाटते. लहान तोंडाचा दुसरा दायां लागतो. खंजेरीला ही अडचण नाही, ती पट्टीला बांधलेली नसते. पण गळ्याला खंजेरीचा धोका वेगळा: ती कानाजवळ वाजते, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि गायक नकळत जोर करतो. खंजेरी वाजवणाऱ्याला मुख्य गायकापासून दोन हात दूर बसवा.

कार्तिकातल्या काकड्याला पट्टी वेगळी हवी. पहाटे चार-साडेचारला गळा उतरलेला असतो. संध्याकाळी काळी एक गाणाऱ्या मंडळाने पहाटे पांढरी सात धरावी, थंडी जास्त असेल तर काळी पाच. शेवटच्या आरतीपर्यंत गळा उघडतो, तेव्हा पट्टी अर्धा स्वर चढवली तरी चालते.

झाडीपट्टीच्या नाटकात

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे धानाची कापणी झाली की वडसा आणि आसपासच्या कंपन्यांची नाटकं सुरू होतात आणि रात्र रात्र चालतात. जर्मन ऑपेरात फाख नावाची पद्धत आहे: गळ्याचा प्रकार आणि वजन पाहून भूमिका वाटतात. झाडीपट्टीत भूमिका अभिनयावर मिळते आणि गाणं नंतर डोक्यावर येतं. म्हणून तालमीच्या पहिल्याच दिवशी सगळ्या गाणाऱ्या नटांची वर सांगितलेली तपासणी करून घ्या आणि गाण्याच्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहा.

युगुलगीत सगळ्यात जड जातं. तोडगा चालीत आहे. काळी दोन धरा. नायकाचा सा १५६. त्याच्या ओळी सापासून तार गंधारापर्यंत, म्हणजे ३९२ पर्यंत ठेवा. नायिकेचा सा ३११, तो तिच्या मानाने वर आहे, म्हणून तिच्या ओळी मंद्र पंचमापासून (२३३) मध्य धैवतापर्यंत (५२३) बांधा. पट्टी एकच, पण त्याच्या ओळी सप्तकाच्या वरच्या अंगाला आणि तिच्या खालच्या अंगाला. पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदीत याच अंतरावर वेगळा मार्ग काढला: स्त्री आणि पुरुष आपापल्या पट्टीत गातात आणि एकाचा मध्यम दुसऱ्याचा सा होतो.

खडी गंमतीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, पुरुष स्त्रीभूमिका करतो तिथे बारीक आवाज लागतो. तो वळणाच्या वरचा, तंतूंच्या नुसत्या कडा हलवून निघणारा आवाज आहे. तो जोराने काढायचा नसतो. वळणाच्या दोन-तीन स्वर वर सुरुवात करून खाली यावं. खालून छातीच्या आवाजात ढकलत वर नेला की दुसऱ्या अंकात घसा बसतो. या आवाजाचे सूर पट्टी ठरवताना विस्तारात धरू नयेत.

मुलं आणि वय

बारा ते सोळाच्या दरम्यान मुलाचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ सप्तकभर उतरतो. मुलींचाही उतरतो, पण तीन-चार अर्धस्वरच. या काळात आवाज रोज वेगळा लागतो, मध्येच फाटतो. बाल भजन मंडळातल्या अशा मुलाला गाणं बंद करायला लावू नका आणि जुन्या पट्टीतही ठेवू नका. महिन्यातून एकदा नवा पट्टा काढा, जे सहा-सात सूर शाबूत असतील तेवढ्यांतलं गाणं द्या. सतराच्या आत कुणाला टेनॉर-बॅरिटोन असं नाव देऊ नये. गळा पुढेही काही वर्षं मुरत राहतो. बायकांचा आवाज पाळी गेल्यावर थोडा खाली सरकतो आणि भरदार होतो. ज्या काळी पाच गात होत्या त्यांनी काळी चार धरावी. म्हाताऱ्या पुरुषांचा आवाज उलट पातळ आणि किंचित वर जातो.

चुकीची पट्टी कशी ओळखायची

गाणं झाल्यावर बोलण्याचा आवाज घोगरा झाला, तर पट्टी वर आहे. अंतऱ्यात सूर चढायच्या ऐवजी थोडा उतरलेला लागतो, शब्दांतले 'ई' आणि 'ए' चपटे होतात, तरीही तेच. मुखड्यात शब्द ऐकू येत नाहीत आणि दम लवकर संपतो, तर पट्टी खाली आहे: तंतू सैल राहतात, हवा वाया जाते. वर छान, खाली छान, पण मध्ये दोन सूर दर वेळी हलतात, तर पट्टी बरोबर आहे, गाण्याचा न्यास, म्हणजे थांबायचा सूर, नेमका वळणावर पडतो आहे. अर्धा स्वर इकडे किंवा तिकडे सरका, तेवढ्याने सुटतं.

घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर काढा, मध, ज्येष्ठमध यांवर दिवस घालवू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत हा विभाग असतो. खर्रा किंवा बिडी असणाऱ्याने तर तीन आठवड्यांची वाटही पाहू नये.

वहीत प्रत्येक गायकाचं एक पान ठेवा: तारीख, बोलण्याचा सूर, कामाचा खालचा आणि वरचा, वळण, सुखाची पट्टी, पहाटेची पट्टी. मोठ्यांची नोंद वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी, ताजी करा. वही पेटीच्या खोक्यातच ठेवा, म्हणजे मंडळ दुसऱ्या गावी गेलं आणि साथीला तिथला पेटीमास्तर बसला तरी त्याला पट्टी विचारावी लागत नाही.